सिंगापूरमध्ये लँडेड घर पाडून नवं बांधताना: बांधणारा आणि तपासणारा एकच असावा का?

उंबरठा

सेरांगून गार्डन्समधलं आमचं जुनं टेरेस घर, म्हणजे शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागून ओळीत उभं असलेलं लँडेड (स्वतःच्या जमिनीवरचं) घर, पाडून नव्याने बांधायचं ठरलंय. बाबांना जिना झेपत नाही, तळमजल्यावर झोपायला एकही खोली नाही, आणि दर डिसेंबरच्या पावसात मागचं छत गळतं. डागडुजीवर भागतं का ते आधी पाहिलं. पण आम्हाला मजला वाढवायचा आहे, आणि मजला वाढला की यूआरए, म्हणजे इथलं नगररचना खातं, त्याला ए-अँड-ए (जुन्या घरातली भर आणि फेरबदल) मानत नाही.

तीन कोटेशनं हातात आहेत. दोन डिझाइन-अँड-बिल्ड कंपन्यांची, म्हणजे आर्किटेक्ट, इंजिनिअर, बांधकाम, कॅमेरे सगळं त्यांचंच: 11 लाख 60 हजार आणि 12 लाख 10 हजार डॉलर. तिसरं आमच्या स्वतंत्र आर्किटेक्टने टेंडर काढून आणलेलं: 12 लाख 90 हजार, शिवाय त्याची फी वेगळी.

माझं मत: महाग पडलं तरी तिसरंच घ्यावं. जो बांधतो त्याच्याच पगारावरच्या माणसाने ‘काम नीट झालंय’ म्हणून सही करायची, हे मला पटत नाही. बहिणीच्या घरी हेच झालं. गच्चीखालच्या खोलीत ओल आली, तर कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, एसीमुळे भिंतीला घाम सुटतो. आठ महिने तेच उत्तर. शेवटी तिने पदरचे पैसे घालून बाहेरचा माणूस आणला. त्याने गच्चीवर 24 तास पाणी साठवून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी खोलीत थेंब पडायला लागले. ताई त्या खोलीत बसून रडली.

कॅमेरे आणि अलार्मही त्यांच्या पॅकेजमधले नकोत. घर ताब्यात आलं की आपले आपण निवांत लावू.

दोनदा_बांधलंय

ताईंचं वाचून वाईट वाटलं, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी पहिलं घर तुमच्या पद्धतीने बांधलं, दुसरं डिझाइन-अँड-बिल्डने.

पहिल्या घरी जिन्यावरची बीम आर्किटेक्टच्या नकाशात एका उंचीवर आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये दुसऱ्याच उंचीवर होती. उतरताना डोकं आपटेल अशी ओतून झाली. आर्किटेक्ट म्हणे, इंजिनिअरला विचारा. इंजिनिअर म्हणे, मला जुना नकाशा मिळाला. कॉन्ट्रॅक्टर म्हणे, दोन कागद दिले तर मी कुठला पाळू? पाच आठवडे काम बंद. त्या काळातलं भाड्याच्या घराचं भाडं मी भरलं, बीम तोडण्याची व्हीओ, म्हणजे कराराबाहेरच्या बदलाचं बिल, तेसुद्धा मीच भरलं. दुसऱ्या घरी अशी चूक झाली तेव्हा मी एकच फोन केला. चूक त्यांचीच, खर्चही त्यांचाच.

आणि सहीचं म्हणाल, तर क्वालिफाइड पर्सन म्हणून, म्हणजे कामाची जबाबदारी घेणारा नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर म्हणून, सही करणाऱ्याची जबाबदारी कायद्याने त्याच्या स्वतःच्या अंगावर असते. पगार कोण देतो यावर ती कमी-जास्त होत नाही. उरलेले लाख-दीड लाख घरात घाला.

काँक्रीट_आणि_कागद

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, इथल्या लँडेड घरांची कामं बरीच केली आहेत. सहीच्या मुद्द्यावर दोनदा_बांधलंय यांच्याशी असहमत. कायदेशीर जबाबदारी आहे ती इमारत सुरक्षित आणि नियमात बसणारी असण्याची. बाथरूमचा उतार जाळीकडे आहे का, टाइलखाली पोकळी राहिली का, वॉटरप्रूफिंगचा थर कोपऱ्यात वर चढवला का, हे बीसीएचा, म्हणजे इमारत नियंत्रण खात्याचा, कोणी अधिकारी वाकून पाहणार नाही. तिथे तुम्ही नेमलेलाच माणूस लागतो.

पण उंबरठा, तुमच्या तीन आकड्यांची तुलना अजून होऊच शकत नाही. प्रत्येक कोटेशनमध्ये पायलिंगची (जमिनीत खोल घालायच्या पायाच्या खांबांची, म्हणजे पाइल्सची) ओळ शोधा. तिच्यापुढे ‘प्रोव्हिजनल सम’ लिहिलं असेल, तर तो आकडा नुसता अंदाज आहे. बोअरहोल, म्हणजे माती तपासायचं खोल भोक, घेतल्याशिवाय पाइल किती खोल जाणार हे कोणालाच सांगता येत नाही. या बेटावर कुठे ग्रॅनाइट आहे, तर सखल भागात मऊ मरीन क्ले (समुद्री चिकणमाती). एकाच गल्लीतल्या दोन घरांच्या पाइल्सची लांबी वेगळी निघालेली मी पाहिली आहे. स्वस्त कोटेशन बहुधा इथेच स्वस्त केलेलं असतं, आणि खड्डा खणून झाल्यावर तुम्ही मागे फिरू शकत नाही. प्लॉटची पातळीही बघा. पूर टाळण्यासाठी पीयूबीने, म्हणजे पाणी खात्याने, ठरवलेल्या किमान जमीन-पातळीसाठी (प्लॅटफॉर्म लेव्हल) भराव टाकावा लागणार असेल, तर तो कोणाच्या कोटेशनमध्ये धरलाय?

बिल्डरचा परवाना बीसीएच्या यादीत स्वतः तपासा. जनरल बिल्डर क्लास 2 ला 60 लाख डॉलरपर्यंतची कामं घेता येतात, म्हणजे आपल्या घरांना तो चालतो. पण परवाना ज्या कंपनीच्या नावावर, करारही त्याच कंपनीच्या नावाने हवा. कोटेशन एका कंपनीचं आणि परवाना ‘आमच्या पार्टनरचा’ असं ऐकलंत तर तिथून उठा.

पैशाचं: हप्ते तारखेवर बांधू नका, झालेल्या कामावर बांधा. प्रत्येक हप्त्यातून 10 टक्के राखून ठेवायचे, एकूण कराराच्या 5 टक्के होईपर्यंत. राखलेल्यातले निम्मे पैसे काम पूर्ण झाल्यावर सोडायचे, उरलेले दोषदुरुस्तीचे 12 महिने सरल्यावर. ही पद्धत इथे रुळलेली आहे, मागायला लाजू नका.

आणि एक गोष्ट जी घरमालकांना फार उशिरा कळते. आपल्या कामाला बीसीएची मंजुरी लागते, म्हणून 2004 चा सिक्युरिटी ऑफ पेमेंट कायदा (कॉन्ट्रॅक्टरचे पैसे अडकू नयेत यासाठीचा) आपल्यालाही लागू होतो. कॉन्ट्रॅक्टरने पेमेंट क्लेम दिला की करारातल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि ती मुदत फार तर 21 दिवसांची असते. काम खराब आहे म्हणून रागाने गप्प बसलात, तर पुढे ॲडज्युडिकेशनमध्ये (या कायद्याखालच्या झटपट निवाड्यात) ते कारण सहसा मांडताच येत नाही. स्वतंत्र आर्किटेक्ट असेल तर हा कागद वेळेवर तो पाठवतो. त्याच्या फीचा निम्मा मोबदला मला इथेच वसूल झालेला दिसतो.

मधली_भिंत

मी अशाच एका कामाची शेजारीण. टेरेस घराची भिंत सामाईक असते हे विसरू नका. पाडकामाआधी दोन्ही शेजाऱ्यांच्या घरातल्या भेगांचे फोटोंसह सर्व्हे करून घ्या आणि प्रत त्यांना द्या. आमच्याकडे तो झाला नव्हता. नवी भेग कुठली आणि जुनी कुठली यावर वर्षभर अबोला होता. रविवारी काम करायचं नाही, हे करारातही लिहून घ्या.

रात्रपाळी

कॉन्ट्रॅक्टरबद्दल उंबरठा यांच्याशी सहमत. पण ‘कॅमेरे नंतर लावू’ हे मात्र अजिबात करू नका. उपकरणं नंतर घ्या, नळ्या आत्ताच टाकून घ्या. मी याच कामात आहे.

नव्या घरात बॉम्ब शेल्टर बांधावंच लागेल. त्याच्या जाड काँक्रीटच्या भिंतीत नंतर आरपार भोक पाडता येत नाही, आणि त्या भिंतीपलीकडे वायफाय मरतो. स्लॅब ओतण्याआधी फाटक, मागचं दार, गच्ची आणि गाडीची जागा इथे कॅट-6 च्या (नेटवर्कच्या वायरीच्या) नळ्या नेऊन ठेवा. त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज मिळते. तिच्या लांबीची 100 मीटरची मर्यादा आपल्या घरांत कधी येत नाही.

आठ कॅमेऱ्यांचं पॅकेज कशाच्या जोरावर ठरलं ते विचारा. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायचा तर त्याच्या जागी दर मीटर रुंदीला साधारण 250 पिक्सेल लागतात. 4 मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे 2,560 पिक्सेल देतो, म्हणजे फार तर 10 मीटर रुंदी. पॅकेजवाले छताच्या कडेला उंच लावतात, मग चोराच्या टोपीचा माथा तेवढा दिसतो. फाटकाशी डोक्यापेक्षा जरा वर लावलेला एक कॅमेरा अशा चारांपेक्षा कामाचा.

अलार्म पॅनेल कुठल्या नेटवर्कवर चालतं तेही विचारा. इथे 2जी 2017 मध्ये बंद झालं, 3जी 2024 मध्ये. त्या सिमवर चालणारे अलार्म त्या दिवसापासून मुके झाले, आणि बऱ्याच घरांत ते कोणाला कळलंही नाही.

खिडकीपाशी

रात्रपाळी, माझा विरोध आहे. 2024 च्या जून ते ऑगस्टमध्ये रेल कॉरिडॉर (जुन्या रेल्वेमार्गावरची पायवाट) आणि बुकित तिमाह रोडच्या आसपास लँडेड घरांत दहा घरफोड्या झाल्या. कॅमेरा चोरी झाल्यावर साक्ष देतो. आधी मागच्या दाराचं कुलूप, खिडक्यांच्या कड्या, मागच्या गल्लीतला उजेड. अलार्म सेन्सरही दारं-खिडक्यांवर लावा, म्हणजे आत येण्याआधी वाजेल.

आणि घराच्या आत कॅमेरा नकोच. 2020 मध्ये हॅक झालेल्या घरगुती कॅमेऱ्यांच्या चित्रफिती अश्लील साइट्सवर फिरल्या, त्यात सिंगापूरच्या घरांतल्याही होत्या. माणसं आपल्याच घरात, आपल्याच कपड्यांत, आणि त्यांना पत्ताही नाही. घ्यायचाच असेल तर सायबर सिक्युरिटी एजन्सीचं लेबल बघा, चार पातळ्या असतात. पहिला पासवर्ड त्याच दिवशी बदला. घरकामाची मदतनीस घरातच राहत असेल तर कॅमेरे कुठे आहेत हे तिला सांगावं लागतं, आणि ती झोपते, कपडे बदलते तिथे लावता येत नाहीत. एमओएमचा (मनुष्यबळ मंत्रालयाचा) नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

रात्रपाळी

कुलूप आधी, हे मान्य. पण उंबरठा यांचे बाबा एकटे असताना पडले तर? माझी आजी स्वयंपाकघरात दोन तास पडून होती. आत एक तरी हवा.

खिडकीपाशी

ते बाबांना विचारून ठरवा. खोली त्यांची आहे.

उंबरठा

काल रात्री बाबांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खोलीत कॅमेरा नको. पलंगाशी आणि न्हाणीघरात खालपर्यंत लोंबणारी दोरी दे, ओढली की वर घंटा वाजेल अशी.” पडलेल्या माणसाचा हातही पोहोचायला हवा, हे त्यांनीच सुचवलं. दोन्ही पॉइंट आज नकाशात आले. आतला कॅमेरा रद्द. बाहेर तीन, नळ्या मात्र सहा जागी.

पायलिंगची ओळ पाहिली. 11 लाख 60 हजारवाल्याने प्रोव्हिजनल सम 45 हजार धरलंय, आमच्या आर्किटेक्टच्या टेंडरमध्ये 95 हजार. बोअरहोलचं काम सांगितलं आहे. तिघांनाही तोच रिपोर्ट देऊन नवे आकडे मागवणार.

दोनदा_बांधलंय, तुमच्या बीमचं डोक्यातून जात नाही. प्रत्येक स्लॅबआधी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि कॉन्ट्रॅक्टर या तिघांनी एका टेबलावर बसून दोन्ही ड्रॉइंग ताडून सह्या करायच्या, असं कलम टाकतोय.

दोनदा_बांधलंय

कलम चांगलं आहे. मी अजूनही डिझाइन-अँड-बिल्डच घेतलं असतं. पण त्या बैठकीला तुम्ही स्वतः टेप घेऊन बसा, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवरून वर किती उंची मिळते ते मोजून घ्या. बाबा आज जिना चढत नसले तरी नातवंडं चढतील.