मदत हवी आहे : इंग्रजी 'मोल' या शब्दाची नोंद कोशात कशी करावी?

नमस्कार. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावीला विज्ञान शाखेत इंग्रजीतून शिकू लागणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही शिक्षक मिळून एक छोटा इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार करत आहोत. त्याचे काम सध्या एका शब्दापाशी अडले आहे. एम, ओ, एल, ई अशी चार अक्षरे असलेला हा शब्द निदान सहा वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यांतील बहुतेकांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. कोशकार्य, वैद्यक किंवा बंदरांची कामे जवळून पाहिलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

त्वचेवरचा मोल सोपा आहे. जुन्या इंग्रजीतील 'डाग' या अर्थाच्या शब्दापासून तो आला असून मराठीत सपाट असेल तर तीळ आणि उंचवटा असेल तर मस म्हणता येते. प्राण्याच्या नावाशी मात्र आमची गाठ पडली. त्याला 'चिचुंद्री' हा प्रतिशब्द सर्रास दिला जातो. परंतु रात्री घरात भिंतीच्या कडेने पळणारी आपली चिचुंद्री हा निराळा प्राणी आहे. फावड्यासारख्या पुढच्या पायांनी जमिनीखाली बोगदे खणत राहणारा खरा मोल भारतात पूर्व हिमालयाच्या बाजूला आढळतो, महाराष्ट्रात नाही. शत्रूच्या गोटात वर्षानुवर्षे दडून राहणाऱ्या हेराला मोल म्हणतात ते याच प्राण्यावरून, त्यामुळे तो अर्थ याच नोंदीत ठेवणे योग्य वाटते.

खरा पेच पुढच्या दोन अर्थांचा आहे. लॅटिनमध्ये 'मोलेस' म्हणजे प्रचंड रास. लाटा अडवण्यासाठी समुद्रात दूरवर नेलेल्या दगडी किंवा काँक्रीटच्या बांधाला फ्रेंचमधून आलेला 'मोल' हा शब्द त्याच मुळाचा. 'लहानशी रास' या अर्थाने त्यापासूनच 'मोलेक्यूल' म्हणजे रेणू हा शब्द तयार झाला आणि त्याचे संक्षिप्त रूप म्हणून रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'मोल' हे नाव रूढ केले. १९७१ साली मोलला मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पदार्थाचे प्रमाण मोजणाऱ्या मूलभूत एककाचे स्थान मिळाले, आणि २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ × १०²³ इतके कण म्हणजे एक मोल, अशी त्याची व्याख्या आहे. एक मोल पाणी म्हणजे अवघे १८ ग्रॅम, चहाचे साडेतीन चमचे! समुद्रातला अजस्र बांध आणि हे चमचाभर पाणी एका मुळाचे निघावेत, आणि एकाच माणसाच्या बोलण्यात रोज येऊ शकणारे तीळ व प्राणी मात्र परस्परांचे कोणी नसावेत, हे आम्हाला फार विलक्षण वाटले.

बांधाचा अर्थ गाळून टाकावा, असेही एकदा सुचवले गेले. पण इतिहास वाचणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या महायुद्धात १९४० साली फ्रान्समधील डंकर्क बंदरातून झालेल्या सैन्याच्या सुटकेच्या वर्णनात हा शब्द भेटतोच. २६ मे ते ४ जून या काळात तेथून ३,३८,००० हून अधिक सैनिकांची सुटका झाली आणि त्यांतील फार मोठा भाग पूर्वेकडच्या मोलवरून, जहाजे लावण्यासाठी मुळात बांधलेच नव्हते अशा त्या चिंचोळ्या बांधावरून, गेला. 'सैनिक मोलवर रांगा लावून उभे होते' हे वाक्य तीळ, प्राणी आणि एकक एवढेच देणाऱ्या कोशाच्या आधारे लावता येणार नाही.

वैद्यकातला मोल, म्हणजे गर्भाशयात होणारी द्राक्षांच्या घडासारखी असामान्य वाढ, जिला मराठीत द्राक्षगर्भ म्हणतात, तो लॅटिन 'मोला' म्हणजे जात्याच्या दगडावरून आला आहे. दाढेला 'मोलर' म्हणतात तेही जात्यावरूनच. द्रावणाच्या संहतीतला 'मोलर' मात्र एककावरून आलेला आहे, म्हणजे एकाच विद्यार्थ्याला जीवशास्त्राच्या तासाला एक मोलर आणि रसायनशास्त्राच्या तासाला दुसरा भेटणार. मिरच्या घालून केलेल्या मेक्सिकोतल्या दाटसर रश्श्याचे नाव तिथल्या नाहुआतल या मूळ भाषेतून आले असून त्याचा उच्चार 'मोले' आहे. त्याला एक ओळ पुरे.

आमच्यात मतभेद आहे तो मांडणीचा. माझ्या मते प्रत्येक अर्थाची क्रमांक देऊन स्वतंत्र नोंद करावी, एकक सर्वांत आधी घ्यावे, कारण आमच्या वाचकाला तेच रोज लागणार आहे, आणि व्युत्पत्ती नोंदीच्या शेवटी एका ओळीत द्यावी. एका सहकाऱ्यांचा आग्रह असा की मूळ एक असेल तर नोंदही एकच असावी, म्हणजे बांध आणि एकक एकत्र यावेत, कारण त्यामुळे शब्द कायमचा लक्षात राहतो. ज्यांनी प्रत्यक्ष कोशाचे काम केले आहे त्यांनी याबाबत काय केले, ते कळवावे. शिवाय मराठीत 'मोल' म्हणजे किंमत हे मूल्यापासून आलेले असल्यामुळे, प्रतिशब्द म्हणून नुसते 'मोल' न लिहिता 'मोल हे एकक' असे लिहावे का, हाही प्रश्न आहे.

कोकणातील सदस्यांना वेगळी विनंती. 'धक्का' म्हटले की होड्या लागतात ती जागा डोळ्यांपुढे येते आणि 'बंधारा' म्हटले की किनाऱ्याची धूप थांबवणारी भिंत. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात लाटा फोडण्यासाठी समुद्रात काढलेल्या बांधाला तिथले मच्छीमार बोलताना नेमके काय म्हणतात? 'ब्रेकवॉटर' हाच शब्द तोंडी असेल तर तसेही सांगावे, आम्ही तोच छापू.