मदत हवी आहे: टर्बो सी चालत नाही, दुसरं काय टाकू?

तापीकाठ, चोपडा:
लहान भावाला बीसीएला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. क्लासवाल्यांनी दिलेलं टर्बो चालत नाही. कोणता कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारा) टाकू? मराठीत शिकायला काही आहे का? परवा प्रॅक्टिकल आहे, लवकर सांगा.

गिरणाकाठ:
चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं? विंडोज कोणतं?

केळीबाग, सावदा:
सी सोडा, पायथन शिकवा. माझी पुतणी त्यावरच तयार झाली.

गिरणाकाठ:
नाना, पेपर सीचा आहे. पायथन लिहून मार्क कोण देईल?

तापीकाठ:
विंडोज १०, ६४ बिट. 'अनसपोर्टेड १६-बिट अ‍ॅप्लिकेशन' येतं.

गिरणाकाठ:
मग बरोबर. टर्बो डॉसच्या काळातलं, १६ बिटचं. ६४ बिट विंडोज ते उघडतच नाही. कोड ब्लॉक्स (सी लिहून चालवायचं नवं सॉफ्टवेअर) घ्या, पण नावात 'मिंगडब्ल्यू सेटअप' असलेली फाइल. नुसती घेतली तर कंपायलर येत नाही.

भुसावळकर:
टर्बोला नावं ठेवू नका भो, आम्ही त्यावरच शिकलो. डॉसबॉक्स टाका, त्यात डॉसचे जुने प्रोग्रॅम उघडतात, टर्बो मस्त चालतं.

गिरणाकाठ:
चालतं, पण पोरं फसतात. इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) घेऊन ८ चं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते ८ चा गुणाकार काढा. ४०३२० ऐवजी -२५२१६ येतं, कारण तिथे इंट दोनच बाइटचा, ३२७६७ पर्यंतच. लूप बरोबर असतो आणि पोरगं तासभर लूपच तपासत बसतं. मी शिकवतो, दरवर्षी बघतो.

केळीबाग, सावदा:
लॅपटॉपची रॅम किती? वाढवायची तर जळगावला गोलाणी मार्केटला जा.

तापीकाठ:
काका, रॅमचं नाही विचारलं. कोड ब्लॉक्स टाकलं, आता वहीतल्या प्रोग्रॅमला सीएलआरएससीआरवर एरर येतोय.

गिरणाकाठ:
ते स्क्रीन पुसायचं फंक्शन टर्बोचं. ओळ काढून टाका. व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन करा, शेवटी रिटर्न ०. मराठीत आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर सीचे धडे फुकट आहेत. उबंटूवर दाखवतात, पण भाषा तीच.

भुसावळकर:
आधी कॉलेजच्या लॅबमध्ये काय आहे ते तर विचारा!

तापीकाठ:
विचारलं. टर्बोच आहे.

भुसावळकर:
बघा. मी काय म्हणत होतो?

गिरणाकाठ:
बरं, मग दोन्ही ठेवा. शिकायला कोड ब्लॉक्स, आणि उद्या दिवसभर डॉसबॉक्समध्ये हात बसू दे. टर्बोत रन करायला कंट्रोल एफ९ असतं, पण साध्या डॉसबॉक्सला ते दाबलं की तो स्वतःच बंद होतो, म्हणून प्रोग्रॅम रन मेन्यूतून चालवायचा. आउटपुट अल्ट एफ५ ला दिसेल. आणि फाइल आधी सेव्ह करायला सांगा त्याला.