खलनायकाला हेतू असतो, कारण असते की प्रेरणा?

अनुवादिका (दादर): एका इंग्रजी फँटसी कादंबरीचा अनुवाद करताना शेवटच्या टिपणापाशी माझे घोडे अडले आहे. लेखिका तिथे म्हणते की आपल्या जादूगार राजाचे ‘मोटिव्हेशन’ आपण जाणूनबुजून साधे ठेवले, कारण प्रत्येक दुष्टाला दुःखद बालपण देण्याचा तिला कंटाळा आला होता. मी ‘हेतू’ लिहिले, संपादकांनी ते खोडून ‘प्रेरणा’ केले. परंतु प्रेरणा हा शब्द आता शाळेच्या भिंतींवर आणि सत्काराच्या भाषणांत इतका रुळला आहे की ‘राजाची प्रेरणा साधी आहे’ हे वाक्य त्याच्या गौरवग्रंथातले वाटते. ‘हेतू’ लिहिले तर त्याला काय हवे आहे एवढेच कळते, तो असा का झाला याचा त्यात समावेश होत नाही. दोन्ही अर्थ सामावणारा शब्द कोणी सुचवेल का?

गिरगावकर: ‘हेतू’च ठेवावा. हेतू पुढे पाहतो आणि कारण मागे पाहते. आपल्या राजाला सगळे राज्य बर्फाखाली गाडायचे आहे हा हेतू झाला. सावत्र आईने त्याला लहानपणी थंडीत उभे केले होते, असे काही असते तर ते कारण झाले असते. लेखिकेने कारण दिलेले नाही, मग दोन्ही अर्थ एका शब्दात कोंबण्याची गरजच उरत नाही.

निवृत्त संस्कृत शिक्षक (विलेपार्ले): गिरगावकरांची वाटणी मराठीपुरती ठीक आहे, पण न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, ‘हेतू’ म्हणजेच कारण. पर्वतावर अग्नी आहे, या अनुमानाला धूर हा हेतू होय. ज्याला तुम्ही हेतू म्हणता त्याला शास्त्रात ‘प्रयोजन’ म्हणतात, आणि तोच शब्द येथे वापरावा असे माझे मत आहे. खलाला कारण हवे की नको, या मूळ वादाबद्दल सांगायचे तर आपल्या नाट्यशास्त्राला ही अडचण कधी पडलीच नाही. धनंजयाने दहाव्या शतकात ‘दशरूपका’त प्रतिनायकाचे लक्षण सांगितले ते असे: ‘लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः’. लोभी, उद्धत, हेकट, पापी, व्यसनी आणि नायकाचा शत्रू. हे सगळे स्वभावाचे वर्णन आहे, त्यात चरित्राचा एक शब्द नाही, आणि तरीही त्याचे उदाहरण म्हणून टीकाकार रावण आणि दुर्योधन यांची नावे देतो, ज्यांना कोणी कंटाळवाणे म्हणणार नाही.

वाचक (बोरिवली): सर, रावण आणि दुर्योधन कंटाळवाणे नाहीत ते या लक्षणामुळे नव्हे, लक्षणाबाहेर उरलेल्या गोष्टींमुळे. भासाच्या ‘ऊरुभंग’ या संस्कृत नाटकात मांड्या मोडून पडलेला दुर्योधन आपल्या लहान मुलाला मांडीवर बसवू शकत नाही, हे धनंजयाच्या कोणत्या विशेषणात बसते? शकुनीचेच पाहा. माझ्या आजीने सांगितलेल्या गोष्टीत गांधारराजाला मुलांसकट कैदेत उपाशी मारले, एकट्या शकुनीला बाकीच्यांनी आपल्या वाट्याचे अन्न देऊन जगवले आणि बापाच्या हाडांचे फासे करून त्याने कुरुवंशाचा सूड घेतला. ही गोष्ट माहीत झाल्यावर शकुनी मला जास्त भयंकर वाटू लागला.

निवृत्त संस्कृत शिक्षक (विलेपार्ले): ती गोष्ट व्यासांची नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुन्या हस्तलिखितांची तुलना करून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हाडांचे फासे नाहीत आणि ती कैदही नाही. दुर्योधनाच्या तोंडी सर्रास घातला जाणारा ‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः’ (धर्म मला कळतो, पण त्याकडे माझी ओढ नाही) हा श्लोकही महाभारतातला नसून प्रपन्नगीता या स्तोत्रातला आहे.

वाचक (बोरिवली): मग हे माझ्याच बाजूचे झाले. कोणत्या तरी पिढीतल्या श्रोत्यांना विनाकारण दुष्ट शकुनी अपुरा वाटला आणि त्यांनी त्याला कारण शिवून दिले. ही मागणी आजच्या मालिका पाहणाऱ्यांची नाही, ती फार जुनी आहे.

गिरगावकर: किंवा असे म्हणावे की विनाकारण दुष्ट असलेला शकुनी ती गोष्ट जन्मण्याआधी कित्येक शतके व्यवस्थित चालला होता.

वकील (फोर्ट): आमच्या धंद्यातला फरक येथे उपयोगी पडेल असे वाटते. फौजदारी कायद्यात ‘इंटेन्शन’, म्हणजे कृत्य करण्याचा इरादा, निराळे आणि ‘मोटिव्ह’, म्हणजे त्या इराद्यामागचे कारण, निराळे. पहिले अनेक गुन्ह्यांत सिद्ध करावेच लागते, दुसरे गुन्ह्याचा घटक नसते. मोटिव्ह पुरावा म्हणून ग्राह्य असते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम ८ मध्ये होते, आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६ मध्ये आहे. विश्वासार्ह प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असेल तर मोटिव्ह सापडले नाही म्हणून खटला पडत नाही, मात्र सगळा डोलारा परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा असेल तेव्हा त्याचे वजन फार वाढते. कथेलाही हेच लागू करावे. ज्या खलनायकाला वाचक स्वतः कृती करताना पाहतो, त्याला कारण नसले तरी चालते. जो पडद्याआड राहून सूत्रे हलवतो, त्याचे कारण द्यावेच लागते, नाहीतर वाचक त्याला दोषी मानत नाही, फक्त लेखकाचा शब्द म्हणून ऐकून घेतो.

वाचक (बोरिवली): वकीलसाहेब, उपमा सुंदर आहे, पण टॉल्किनचा सॉरॉन तिच्यात बसत नाही. १९५४-५५ साली आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन खंडांत हा खलनायक वाचकासमोर प्रत्यक्ष असा येतच नाही; त्याचा डोळा, त्याचे दूत आणि त्याची सावलीच दिसते. तुमच्या नियमाने त्याला भरभक्कम कारण हवे होते. टॉल्किनकडे ते होतेही, कारण त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या लिखाणात सॉरॉनला मुळात सुव्यवस्थेची आवड होती आणि गोंधळाचा व उधळपट्टीचा तिटकारा होता असे म्हटले आहे. कादंबरीत मात्र त्याने त्याचा फारसा उपयोग केला नाही, आणि तरी सॉरॉन टिकला. हे मान्य करताना माझ्याच बाजूला धक्का लागतो याची मला जाणीव आहे.

वकील (फोर्ट): सॉरॉनच्या बाबतीत त्याच्या अंगठीचा मोह पडलेली माणसे आपण प्रत्यक्ष पाहतो. बोरोमिर आणि गॉलम हे माझे साक्षीदार.

चाकरमानी (लालबाग): येथे सगळे राजे आणि सेनापतीच चालले आहेत. आमच्या दशावतारात आडदशावताराला, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, संकासुर येतो, काळ्या वेषात, आणि त्याने वेद पळवले एवढाच त्याचा गुन्हा असतो. वेद का पळवले, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही, कारण तो आल्याबरोबर लोक हसू लागतात. शेवटी विष्णू त्याला मारतो, पण रात्रभर जागणाऱ्या गावाला आवडता तोच. खलाला कारण हवे की नको, हा वाद घालणाऱ्यांनी खल मजेदार असावा की नाही, याचाही विचार करावा. कंटाळवाण्या दुष्टाला तुम्ही कितीही अनाथ करा, तो कंटाळवाणाच राहतो.

गिरगावकर: ‘खल’ या शब्दातच कारण दडले आहे असे मला फार दिवस वाटते. संस्कृत कोशांत खल म्हणजे तेलाचा गाळ, पेंड असाही अर्थ आहे, आणि तेलाला संस्कृतात ‘स्नेह’ म्हणतात. ज्याच्यातला स्नेह पिळून काढला गेला तो खल. त्याला घाण्यात कोणी घातले ते सांगायचे की नुसती पेंड दाखवायची, एवढाच प्रश्न लेखकापुढे असतो.

निवृत्त संस्कृत शिक्षक (विलेपार्ले): हा श्लेष झाला, व्युत्पत्ती नव्हे. त्याच न्यायाने खलबत्त्यातून खलाचा उगम दाखवता येईल आणि धान्याच्या खळ्यातूनही. मला आक्षेप ‘खलनायक’ या शब्दालाच आहे. जुने मराठी नाट्यसमीक्षक ‘खलपुरुष’ म्हणत, शास्त्रात ‘प्रतिनायक’ आहे. खलाला नायक म्हणण्याची खोड अलीकडची, आणि तिच्यामुळेच त्याला नायकासारखे अंतरंग हवे, अशी समजूत पसरली.

वाचक (बोरिवली): ‘नायक’ हा ‘नी’ धातूपासून आला ना, सर? नेणारा तो नायक. फँटसीत कथा नेतो कोण? राजा बर्फ पाडतो म्हणून नायक घर सोडतो. तो स्वस्थ बसला असता तर नायकाने शेती केली असती. ‘प्रतिनायक’ म्हटले की नायक आधी आणि हा त्याला प्रत्युत्तर, असा उलटा क्रम होतो. अंतरंग मागण्याचा हक्क मी या कारणासाठी सांगते: जो सगळी कथा ओढून नेतो, त्याला नेमके कुठे जायचे आहे हे तरी कळले पाहिजे.

अनुवादिका (दादर): माझे पान अजून अर्धवटच आहे. ‘प्रयोजन’ लिहिले तर राजा अनुदानाचा अर्ज भरतो आहे असे वाटते.

गिरगावकर: ‘डूख’ लिहा. सापाने धरावा तसा.

अनुवादिका (दादर): डूख कोणावर तरी धरावा लागतो. या राजाचे कोणाशीच वैर नाही, त्याला फक्त शांतता आवडते आणि बर्फाखाली ती मिळते.

वाचक (बोरिवली): ताई, हे कारण झाले की! लेखिकेने साधे ठेवले म्हणता, पण शांततेसाठी माणसे गाडणारा राजा सॉरॉनच्या सुव्यवस्थेचा सख्खा भाऊ आहे.

गिरगावकर: ते कारण नव्हे, हेतू आहे. मी पहिल्यापासून तेच सांगतो आहे.

निवृत्त संस्कृत शिक्षक (विलेपार्ले): प्रयोजन.