मदत हवी आहे: सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणार आहेत, कसं थांबवू?

तगर: सोसायटीची टाकी १० फूट खोल आहे. टँकर येऊन गेला, पण तळाशी घट्ट गाळ राहिलाय. ठेकेदार म्हणतो, "दोन पोरं उतरवतो, त्यांची सही घेतो, तुमच्यावर काही येणार नाही." कमिटी तयार आहे. कायदा काय म्हणतो? आणि गाळ काढायचा कसा?

बागेश्री: सहीला काही अर्थ नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचं कलम ७ कमिटीला वाचून दाखवा. थेट असो की ठेकेदारामार्फत, धोकादायक सफाईला कुणालाही लावता येत नाही, म्हणजे सोसायटीही सुटत नाही. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

टाकीत उतरायला पिढ्यानपिढ्या त्याच जातींतली माणसं बोलावली जातात. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, असा माणूस मिळाला की मशीनचा खर्च वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात राज्यघटनेतलं अस्पृश्यताबंदीचं कलम १७ आणि गटारातले मृत्यू एकत्रच घेतले. तेव्हा अशा मृत्यूची भरपाई १० लाख ठरली, २०२३ मध्ये ती ३० लाख झाली.

पाना_पकड: वरचं पाणी तेवढं ओढून टँकर गेलाय, म्हणून गाळ बसलाय. टाकीत पुन्हा पाणी सोडा. जेटिंगचा (जोरदार दाबाने पाणी मारायच्या पाइपचा) नोझल वरूनच तळाला फिरवा, गाळ पातळ झाला की लगेच सक्शन पाइप तळाशी नेऊन ओढा. दोन-तीन फेऱ्या लागतील. १० फूट खोली सक्शनला जड नाही. चिंध्या, प्लास्टिक अडकलं तर लांब दांड्याच्या आकड्याने वरूनच काढा. थोडा गाळ राहिला तरी टाकी चालते, तेवढ्यासाठी कुणी उतरू नये.

गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू भसकन सुटतो. तो हवेपेक्षा जड, तळाशीच साचतो. हवेत १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाला वास येईनासा होतो, म्हणून "वास गेला, उतरा" हे सगळ्यात घातक वाक्य. ७०० च्या वर माणूस काही श्वासांत कोसळू शकतो. मग दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो.

तगर: ठेकेदार म्हणतो मेणबत्ती सोडून बघतो, मास्कही देतो.

पाना_पकड: मेणबत्ती अजिबात नको, मिथेनचा भडका उडेल. शिवाय ती जळत राहिली तरी विषारी वायू नाही असं ठरत नाही. कापडी मास्कमधून वायू आरपार जातो. फिल्टरचा मास्कही ऑक्सिजन कमी असेल तिथे निरुपयोगी. आणि मीटरने १९.५ टक्के, म्हणजे सुरक्षित किमान मानला जाणारा ऑक्सिजन दाखवला तरी गाळ हलवल्यावर तो आकडा टिकत नाही.

बागेश्री: वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या: 'कोणीही टाकीत उतरणार नाही, काम फक्त जेटिंग व सक्शनने.' पाइप धरायला, जेटिंगला त्याच दोघांना लावा, त्यांची मजुरी बुडता कामा नये. कमिटी ऐकत नसेल तर काम सुरू व्हायच्या आधीच १४४२० या हेल्पलाइनवर तक्रार करा. तरीही कुणी आत पडलंच, तर मागून उतरू नका, अग्निशमन दलाला १०१ लावा.