साथीचे आकडे आधी की डॉक्टर आधी?

झाडीपट्टीकर: पाऊस लागला की पूर्व विदर्भात ताप वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ऐन ऑगस्टमध्ये खाटा कमी पडतात आणि औषधाची मागणी तेव्हा कुठे वर पाठवली जाते. 2004 पासून सरकारचा रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. उपकेंद्रातून लक्षणांची नोंद, डॉक्टरकडून संशयित रोग, प्रयोगशाळेतून पक्कं निदान. आधी हे आठवड्याला जायचं, 2021 पासून पोर्टलवर रोज. माहिती वर जाते, खाली मात्र येत नाही. तालुक्यात गेली पाच वर्षं कोणत्या आठवड्यात किती ताप निघाला, हा आलेख मे महिन्यातच दवाखान्यात लागला पाहिजे. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर आला की रस्ता बंद. हिवतापाच्या गोळ्या त्याच्या आधी पोचायला नकोत का?

कास्तकार अमरावती: भाऊ, आलेखानं ताप उतरत नाही. आमच्याकडे डॉक्टरची जागा रिकामी आहे, ती भरा आधी. अन् हे आकडे कोणाचे? सरकारी दवाखान्यात गेले त्यांचेच. आमचं गाव पहिले खाजगी डॉक्टरकडे जाते, तो ताप तुमच्या पोर्टलवर बहुतेक दिसतच नाही.

झाडीपट्टीकर: मान्य, आकडा अपुरा आहे. पण दरवर्षी साधारण तेवढाच भाग नोंदला जात असेल, तर चढ-उतार त्यातही दिसतो. तयारीला तेवढं पुरतं.

कास्तकार अमरावती: तेवढाच भाग कुठून? डॉक्टर गेला की लोक यायचे थांबतात. आकडा खाली येतो, ताप तिथंच. तो आलेख पाहून साठा कमी पाठवला तर?

सिस्टरताई, चंद्रपूर: या मुद्द्यावर मी कास्तकार भाऊंसोबत आहे. दिवसभर लसीकरण, गृहभेटी, अन् रात्री नेट आलं की नोंदी. रोजच्या रोज भरणाऱ्या बाईला त्यातून काय निघालं, ते कोणी सांगत नाही. आकडा नुसता खाली-वर पाहू नका, त्याच्यासोबत डॉक्टर होता की नाही तेही लिहा.

पण नोंदी फालतू आहेत, हे मला मंजूर नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा ताप, डॉक्सीसायक्लिननं बरा होणारा, वेळेत ओळखला तर. डेंगी नाही, हिवताप नाही, तरी तापाचे पेशंट वाढतायत, हे नोंदीतच आधी दिसते. चाव्याची काळी खपली शोधा, असं सांगायला तेव्हाच तर वेळ असतो.

कास्तकार अमरावती: ताई, खपली शोधायला अंग तपासणारा माणूस लागते.

सिस्टरताई, चंद्रपूर: लागते. म्हणून रिकामी जागा अन् वाढलेला ताप एकाच कागदावर मागा. ग्रामसभेत ठराव घ्या, मे महिन्याच्या आत.

झाडीपट्टीकर: आमच्या ग्रामसभेत मी मांडतो. खाजगी डॉक्टरांनीही तापाचे पेशंट कळवावेत, ही ओळ त्यात घालतो.

कास्तकार अमरावती: घाला. पण पहिली ओळ डॉक्टरची.