परेडला निदान मालक आहे, ११ जुलैच्या आगी कोणाच्या?

लगान_काठचा
उत्तर आयर्लंडात, बेलफास्टला नववं वर्ष चालू आहे. जुलै जवळ आला की आपल्या लोकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न, अकरा-बाराला कुठे पळायचं, सीमेपलीकडे डोनेगल की डब्लिन. यावर्षी मी पळणार नाहीये आणि त्यावरून घरात भांडण झालंय, म्हणून म्हटलं इथे लिहावं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १६९० साली बॉइन नदीकाठी प्रोटेस्टंट राजा तिसऱ्या विल्यमने (इथे लाडाने किंग बिली) कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सला हरवलं. त्याची आठवण म्हणून ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचे लॉज (म्हणजे शाखा) १२ जुलैला बँड लावून परेड काढतात, सुट्टी असते, आणि आदल्या रात्री लॉयलिस्ट (ब्रिटनशीच जोडून राहू पाहणाऱ्या प्रोटेस्टंट) वस्त्यांमध्ये लाकडी पॅलेटचे डोंगर पेटतात. डोंगर म्हणजे अक्षरशः डोंगर, २०२२ ला लार्नच्या क्रेगीहिलमध्ये दोनशे फुटांच्या वर रचला होता. त्याच वर्षी लार्नमध्येच दुसऱ्या एका बोनफायरवरून पडून माणूस गेला.

माझं म्हणणं एवढंच की परेड आणि बोनफायर या दोन गोष्टींना एका पारड्यात टाकू नका. परेडला मालक आहे. ११/१ नावाचा फॉर्म असतो, २८ दिवस आधी पोलिसांकडे द्यावा लागतो, कोण काढणार, कुठून कुठे, कोणता बँड, सगळं त्यात. वादाची असेल तर १९९८ च्या कायद्याने बसवलेलं परेड्स कमिशन अटी घालतं, इथे वाजवायचं नाही, तिथे वळायचं नाही. लोक शिव्या घालतात पण बोलायला समोर माणूस असतो. बोनफायरला फॉर्म नाही, सही नाही, जागा बरेचदा काउन्सिलची नाहीतर तिसऱ्याच कोणाची, आणि विचारलं तर "पोरांनी रचलंय". बेवारस आग आहे ती. मग त्यावर आयरिश झेंडा, निवडणुकीची पोस्टर, पुतळे, काय वाट्टेल ते जळतं आणि दुसऱ्या दिवशी कोणीच काही केलेलं नसतं.

जो डोंगर कोणी स्वतःच्या नावावर घ्यायला तयार नाही तो काउन्सिलने उचलावा, आणि पोलिसांनी त्यांना संरक्षण द्यावं. हे म्हटलं की आपलेच लोक म्हणतात आपण पाहुणे आहोत गप्प बसा. नऊ वर्षं रेट्स (घरपट्टी) भरतोय, पाहुणा कसला.

पेठेतला_आगाऊ
म्हणजे आपल्याकडचा मिरवणुकीच्या मार्गाचा वादच की. रूट, प्रार्थनास्थळ, वाद्य, पोलीस. फक्त थंडी जास्त.

लगान_काठचा
@पेठेतला_आगाऊ वाटलंच होतं पहिला रिप्लाय हाच येणार. थोडंफार आहे तसं, पण इथे गणित वेगळं आहे, एका राजाच्या विजयाची परेड हरलेल्यांच्या वस्तीतून न्यायची असा तो हट्ट होता.

सँडीरो_शेजारी
"हरलेल्यांच्या वस्तीतून" हे वाक्य लिहून तू आधीच बाजू घेतलीस भावा. पोर्टाडाउन गावची ड्रमक्री चर्चची परेड १८०७ पासून त्या रस्त्याने जात होती, तेव्हा गार्व्हागी रोडवर शेतं होती, कॅथलिक घरं नंतर झाली. म्हणजे रस्ता त्यांचाही होताच ना. हे मी त्यांचं समर्थन म्हणून नाही, त्यांना आतून कसं वाटतं ते सांगतोय.

मी सहा वर्षं लॉयलिस्ट एरियात भाड्याने राहिलो. फुटपाथचे कडेचे दगड लाल-पांढरे-निळे, खांबाखांबावर युनियन जॅक. शेजारी एक म्हातारबा, शिपयार्डात वेल्डर होते. एकेकाळी तिथे तीस हजारांच्या वर माणूस कामाला होता, आणि बहुतेक सगळे प्रोटेस्टंट हेही खरं, कॅथलिकांना तिथून हाकलल्याचा इतिहास आहे तो मी नाकारत नाही. पण म्हाताऱ्याच्या बाजूने बघ. शिपयार्ड गेलं. २०१२ च्या डिसेंबरात सिटी हॉलवरचा झेंडा वर्षभरावरून ठराविक दिवसांवर आला. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट आणि इतर ख्रिश्चन ४३.५. त्यांचे शब्द होते, आता एक आग राहिलीय तर तीही यांना डोळ्यात खुपते.

आणि बोनफायर म्हणजे दंगल नाही रे. बहुतेक ठिकाणी बायका घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, पोरांना बर्गर, डीजे, रात्री अकरा-बारा वाजता पेटवतात आणि संपतं. माझ्या मुलीला म्हातारबांनी खांद्यावर घेऊन दाखवलं. तिला वाटलं होळी. बोंब मारायला लागली, सगळे हसले. दोन टक्के ठिकाणांवरून सगळ्यांना झोडपू नका.

नाईट_ड्यूटी
@सँडीरो_शेजारी दादा, तुमची मुलगी खांद्यावर बसली हे वाचून बरं वाटलं, खरंच. पण गेल्या वर्षी टायरोन काउंटीत मॉयगॅशेलला बोनफायरच्या टोकावर काय ठेवलं होतं ते बघितलंत ना? होडी. तिच्यात लाइफ जॅकेट घातलेले काळे-सावळे पुतळे, खाली "स्टॉप द बोट्स"चा, म्हणजे होड्यांतून येणारे निर्वासित थांबवा असा बोर्ड. पोलिसांनी हेट इन्सिडेंट म्हणून नोंद केली, आर्चबिशपने निषेध केला, आणि तरी पेटलंच. आणि त्याच्या महिनाभर आधी जून २०२५ ला बॅलिमिनात परदेशी लोकांची घरं फोडली, तिथल्या फिलिपिनो कुटुंबांनी दारावर कागद लावले की इथे फिलिपिनो राहतात, म्हणजे आम्हाला सोडा.

मी नर्स आहे. ऑगस्ट २०२४ ला बेलफास्टात परदेशी लोकांची दुकानं जाळली त्या आठवड्यात मी रात्रपाळीला युनिफॉर्मवर मोठा कोट घालून जायचे, ऑगस्टमध्ये, कारण बस स्टॉपवर एकटी उभी राहायचे आणि युनिफॉर्म दिसला तर बरं की न दिसला तर बरं हेच ठरत नव्हतं. शेवटी वॉर्डातली एक आयरिश बाई तीन रात्री घ्यायला आली. प्रोटेस्टंट की कॅथलिक ते मला आजही माहीत नाही.

तर मुद्दा असा की हे भांडण "त्या दोघांचं" होतं तोवर आपण डोनेगलला जाऊन आईस्क्रीम खात होतो. आता होडीत आपले पुतळे आहेत.

वेस्टची_वहिनी
नाईट_ड्यूटी, मिठी मारते गं तुला.

@लगान_काठचा तुमचं सगळं पटलं, एक सोडून. बेवारस नाहीये हो ती आग. त्या पोरांच्या मागे कोणती सशस्त्र संघटना उभी असते ते शेजारच्या भिंतीवर बुरखा आणि बंदूक घेऊन रंगवलेलं असतं, मोठ्ठ्या अक्षरात नावासकट. बेवारस म्हणणं सोयीचं आहे कारण मग काउन्सिललाही कोणाशी बोलायला नको. २०१९ ला पूर्व बेलफास्टात एव्हनिएल लेझर सेंटरच्या आवारात रचला होता, काढायला आणलेल्या कॉन्ट्रॅक्टरने धमक्यांमुळे काम सोडलं. बेवारस वस्तू कोणाला धमकी देते का?

मी वेस्ट बेलफास्टला राहते, नवरा इथलाच, कॅथलिक. आमच्याकडेही आगी होत्या हे प्रामाणिकपणे सांगते. ९ ऑगस्ट १९७१ ला खटल्याशिवाय लोकांना तुरुंगात टाकायला सुरुवात झाली, त्याच्या वार्षिकाला आदल्या रात्री टायर जळायचे, मग पोलिसांवर दगड, मग दगडाचं उत्तर. १९८८ ला लोकांनी ठरवलं की पोरांना दुसरं काहीतरी द्यायचं आणि फेल सुरू झाला, फेल अन फोबल, म्हणजे लोकांचा उत्सव. आज दहा-अकरा दिवस गाणी, वादविवाद, फॉल्स पार्कात तोबा गर्दी. माझी सासू म्हणते आधी ऑगस्टात कपडे दोरीवर घालायची सोय नव्हती, काजळी यायची. आगी उचलून विझत नाहीत, त्यांच्या जागी काहीतरी यावं लागतं.

डेरीवाला
वहिनी, फेलचं कौतुक मान्य, पण "होत्या" काय म्हणता, आहेत. आमच्याकडे डेरी शहरात बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत १५ ऑगस्टला दरवर्षी पेटते आणि वर युनियन जॅक, ब्रिटिश सैनिकांच्या स्मरणाची पॉपीची चक्रं, सगळं जळतं. आणि बेलफास्टात २०१९ ला तुमच्याच बाजूच्या न्यू लॉज वस्तीत पोलीस बोनफायर काढायला गेले आणि परत फिरले, कारण बाया-पोरं वर चढून बसली होती. दोन्हीकडे घाण आहे, एकाच बाजूला झाडू नको.

पण डेरीतली परेडची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. अप्रेंटिस बॉइजची परेड. १६८८ ला जेम्सच्या फौजेसमोर तेरा शिकाऊ पोरांनी शहराचे दरवाजे लावले, आणि १६८९ ला वेढा उठला, त्याची. १२ ऑगस्ट १९६९ ला याच परेडवरून बॉगसाइडची लढाई पेटली आणि दोन दिवसांत ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आलं. म्हणजे याहून वाईट परेड असू शकत नाही. आणि आज? ऑगस्टात तटबंदीवरून जाते, दुकानं उघडी, मी स्वतः पोराला घेऊन बघतो. कारण गावातल्या व्यापाऱ्यांनी मध्यस्थी केली, परेडवाले रहिवाशांशी बोलायला बसले, आणि सोबत महोत्सव जोडला. आणि डोनेगलमध्ये रॉसनौलाला, म्हणजे आयर्लंड रिपब्लिकमध्ये, समुद्रकाठी दरवर्षी ऑरेंज परेड निघते, एक दगड पडत नाही. लोक चिप्स खात बघतात. आपले लोक ज्या डोनेगलला परेडपासून पळून जातात तिथे परेडच आहे, हा विनोद कोणाच्या लक्षात येत नाही.

सँडीरो_शेजारी
चिप्सवाला मुद्दा भारी 😂

पण बघा, डेरीवाल्याने माझंच म्हणणं सिद्ध केलं. बोलून झालं. आणि @लगान_काठचा तू म्हणतोस काउन्सिलने उचलावं. २०१८ ला ब्लूमफील्ड वॉकवेला उचललं की, कोर्टाची ऑर्डर आणून. मग काय झालं? गाड्या जाळल्या. आग तीच, फक्त पॅलेटऐवजी गरिबाची गाडी.

लगान_काठचा
@सँडीरो_शेजारी हो, आणि न उचलल्यावर काय होतं तेही गेल्या वर्षी बघितलं. मेरिडी स्ट्रीट. जागेवर ॲस्बेस्टॉस सापडलं, शेजारी विजेचं सबस्टेशन, ज्याच्यावर दोन मोठी हॉस्पिटलं चालतात. काउन्सिलच्या कमिटीने उचलायचं ठरवलं. पोलीस म्हणाले उचलण्यात जास्त धोका आहे, आम्ही मदत करणार नाही. पेटलं. काही झालं नाही म्हणून सगळे खूश. काही झालं असतं तर सही कोणाची होती?

माझा मुद्दा तिथेच आहे. @डेरीवाला तुम्ही सांगितलेली समेटाची गोष्ट तरी का घडली? कारण परेडवाल्यांकडे अध्यक्ष होता, सेक्रेटरी होता, पत्ता होता. उत्तर बेलफास्टातल्या आर्डॉइन या कॅथलिक वस्तीचंही तसंच. २०१३ ला परतीची परेड अडवली, लोक ट्वाडेल ॲव्हेन्यूवर तंबू ठोकून तीन वर्षं बसले, रोज संध्याकाळी पोलिसांच्या गाड्या. पण २०१६ ला मिटलं, कारण शेवटी तीन लॉज आणि रहिवाशांचा गट समोरासमोर कागद ठेवू शकले. वहिनी, मी बेवारस म्हणतो ते चुकलं असेल, वारस आहे पण बुरख्यात आहे असं म्हणतो. बुरख्यातल्या माणसाशी करार कसा करणार?

वेस्टची_वहिनी
बुरखा काढायला पैसे देऊन. हसू नका, तेच चाललंय. बेलफास्ट काउन्सिलने बोनफायर वस्त्यांना कार्यक्रमासाठी पैसे द्यायला सुरुवात केली, अट अशी की टायर नको, झेंडे नको, काही ठिकाणी लोखंडी जाळीतला बीकन पेटवतात. पैसे घ्यायचे तर कोणाला तरी सही करावी लागते. झाला तुमचा फॉर्म. काहीजण त्याला खंडणी म्हणतात, मीही अर्धी म्हणते.

नाईट_ड्यूटी
मला बीकन वगैरे ठीक वाटतं पण होडीचे पुतळे करणाऱ्यांना उत्सवाचं अनुदान देऊन ते थांबतील असं वाटत नाही. झेंडा जाळणं हा त्यांच्या जुन्या भांडणाचा भाग म्हणा. माणसासारखे पुतळे जाळणं वेगळं. तिथे मला कायदाच हवा. यावर माझं मत बदलणार नाही.

सँडीरो_शेजारी
यावर माझंही तेच. म्हातारबांनाही होडी आवडली नव्हती, म्हणाले बिली स्वतः होडीतूनच आला होता.

पेठेतला_आगाऊ
ओके मी सकाळी जोक मारला होता तो मागे घेतो. एक खरा प्रश्न, तुम्ही लोक देवळात कसे जाता त्या दिवशी? बेलफास्टचं देऊळ ऑरेंज हॉलच्याच रस्त्यावर आहे असं मावसभावाने सांगितलं होतं.

लगान_काठचा
हो, क्लिफ्टन स्ट्रीट. एकाच रस्त्यावर, आपलं लक्ष्मीनारायण जुन्या मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये, आणि ऑरेंज हॉल म्हणजे पुढे जाळ्यांचा पिंजरा आणि छतावर घोड्यावर बसलेला किंग बिली. परेड तिथूनच निघते आणि खाली डोनेगल स्ट्रीटला सेंट पॅट्रिक चर्चवरून जाते. तेच चर्च जिथे २०१२ ला एक बँड दारासमोर गोल गोल फिरत कॅथलिकांना डिवचणारं गाणं वाजवत होता. त्यानंतर कमिशनने अट घातली, चर्चसमोर फक्त एका ड्रमचा ठोका.

मी एकदा तिथे फुटपाथवर उभा राहून ऐकलंय. वरून बासऱ्या आणि मोठे ड्रम, छाती हलते, आपला ढोल बरा वाटेल. चर्चचा कोपरा आला की सगळं बंद. फक्त टक, टक, टक, आणि बुटांचा आवाज. समोर कॅथलिक आजीबाई हाताची घडी घालून उभ्या. बोलर हॅटवाला एक जण तिच्याकडे न बघता गेला, तीही त्याच्याकडे न बघता उभी. चर्च संपलं की परत धडाधड सुरू. काहीच सुंदर नव्हतं त्यात, पण कोणाचं डोकंही फुटलं नाही. बोनफायरच्या बाबतीत मला एवढंच हवंय, तो एक ठोका.

डेरीवाला
तो ठोका पाडायला कित्येक वर्षं लागली, आणि ड्रमक्रीवाले त्यांचा रस्ता बंद केल्याचा अजून दर रविवारी निषेध करतात, १९९८ पासून. घाई करू नका.

नाईट_ड्यूटी
यंदा बारा तारीख रविवारी आहे म्हणजे परेड सोमवारी तेराला ना? मग रविवारी आरतीला येते. कोणी कार्लाइल सर्कस चौकाच्या बाजूने येणार असेल तर मला घ्या, बसचा भरवसा नाही.

सँडीरो_शेजारी
मी घेतो. साडेदहाला खाली उभी राहा. पोरगी पण येतेय, परत बोंब मारेल, सांभाळून घ्या.