स्विफ्टला १६ इंची अलॉय? माझं मत: नको

रानवारा:
स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर येतात, वरच्याला १८५/६५ आर१५. हौशी मंडळी बाहेरून अलॉय (मिश्रधातूच्या रिम) घेऊन १९५/५५ आर१६ चढवतात. गाडी देखणी दिसते, वाद नाही. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, शेवटचा रिमचे इंच. पण मधला आकडा बघा. साइडवॉलची, म्हणजे रिमभोवतीच्या टायरच्या रबरी बाजूची, उंची ही रुंदीच्या तितके टक्के. १४ इंचीला ती १३२ मिमी, १५ला १२०, १६ला फक्त १०७. बाहेरचा व्यास मात्र तिन्हींचा ६२० मिमीच्या आसपासच. म्हणजे वाढलेली रिम सगळी हवेची जागा खाऊन वाढली. खड्ड्याचा पहिला दणका तीच हवा झेलते, शॉकअपची पाळी नंतर.

घाटवळण:
१४ इंचीवर कधी वरंध घाट उतरलात का? वळणावर साइडवॉल दबते आणि गाडी झोके खाते. माझी १६वर आहे, स्टेअरिंग फिरवलं की लगेच वळते. रोज चंद्रावर गाडी चालवल्यासारखं बोलू नका राव, रस्ते सुधारलेत. शिवाय मोठ्या रिममुळे ब्रेकही चांगले लागतात.

रानवारा:
मोठ्या रिममध्ये ब्रेकची मोठी डिस्क *मावते*. तुम्ही डिस्क बदललीत? नाही ना? मग ब्रेक तेच, फक्त अलॉयच्या फटींतून आता ते बिचारे लहान दिसतात. पकड वाढली असेल तर ती रुंद टायरमुळे.

डेट्रॉइटकर:
इकडची, अमेरिकेतली टोयोटा प्रियस बघा. २०२३च्या मॉडेलला १९५/६० आर१७ किंवा १९५/५० आर१९, रुंदी एकच. सरकारी चाचणीत १७वालीला ५७ मैल प्रति गॅलन, १९वालीला ५२. आपल्या हिशेबात लिटरला साधारण २४ आणि २२ किमी.

घाटवळण:
१९वाली वरची मॉडेलं असतात. त्यांत सामानही जास्त, वजनही जास्त. सगळं खापर चाकावर का?

डेट्रॉइटकर:
सगळं नाही, पण बरंचसं. जड चाक प्रत्येक सिग्नलला नव्याने फिरवावं लागतं.

क्रेटावाला_लातूर:
'मोठी रिम म्हणजे कडक गाडी' हेही सरसकट खरं नाही. २०२०च्या क्रेटाला २०५/६५ आर१६ किंवा २१५/६० आर१७. साइडवॉल १३३ आणि १२९, फरक चार मिमीचा! कंपनीने बाहेरचा व्यासच वाढवलाय. रिमचे इंच नका मोजू, साइडवॉल मोजा.

पंक्चरवाल्याचा_मुलगा:
खर्चाचं कुणी बोलतच नाहीये. कमी साइडवॉलचा टायर रिम आणि खड्ड्याच्या कडेच्या मधे चेचला जातो, आतले धागे तुटतात, बाजूला फुगा येतो. त्याला पंक्चरसारखा पॅच चालत नाही, टायर फेकायचाच. अलॉय वाकली तर तो खर्च वेगळा. आणि साध्या विम्यात नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. त्याच दणक्यात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, तेही नव्या टायरच्या निम्मे. पूर्ण हवे असतील तर टायरचं वेगळं ॲड-ऑन (विम्याला जोडून घ्यायचं जादा कवच) घ्यावं लागतं. हवा कमी ठेवून 'मऊ' चालवणारे तर आमचे कायमचे गिऱ्हाईक.

रानवारा:
@घाटवळण, आता बोला.

घाटवळण:
विम्याचं ॲड-ऑन घेतो. रिम काढणार नाही.